सेकंडहँड मशीन आणि आपली पाटी

“उतरलेलंच आणलंत का पुन्हा?”

टेम्पोतून मशीन उतरत असताना अण्णांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. अण्णा म्हणजे आमच्या तिघांपैकी एकाचे वडील. आयुष्यभर पेंटर. जालन्यातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकच्या फाळक्यावरची अक्षरे त्यांच्या ब्रशने काढलेली. त्यांच्या तोंडून हा शब्द आला आणि आम्ही गप्प झालो. ‘उतरलेलं’ म्हणजे काय हे आपल्या समाजात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. उतरलेले कपडे, उरलेली भाकरी, मयतावरचे कापड. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळे-उष्टे आणि मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले, ते काही फक्त पोटाच्या तब्येतीसाठी सांगितले नव्हते. त्यामुळे अण्णांना नीट उत्तर द्यायला आम्हाला तीन-चार महिने लागले.

आधी हे सांगायला हवे की आम्हाला मशीन लागलेच कशाला. आमच्यातल्या एकाने अकरा वर्षे दुसऱ्याच्या फ्लेक्सच्या दुकानात डीटीपी ऑपरेटर म्हणून काढली. दुसऱ्याने आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला. तिसरा फ्रेमचे वेल्डिंग करायचा आणि खांबावर चढून बोर्ड लावायचा. म्हणजे एका पाटीला लागणारे सगळे हात आमचेच होते. फक्त छापणारे मशीन दुसऱ्याचे. आणि सगळा नफा मशीनमध्येच असतो हे कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

पण नफ्याहून टोचणारी गोष्ट वेगळी होती. एका वर्षी आमच्या वस्तीच्या जयंती मंडळाने १४ एप्रिलसाठी मोठा फ्लेक्स टाकला. बाबासाहेबांचा फोटो, मंडळाचे नाव, आणि खाली जिल्ह्यात त्या वर्षी झालेल्या एका अत्याचाराबद्दल दोन ओळी. फ्लेक्स हातात आला तो चौदा तारखेच्या दुपारी, मिरवणूक निघायच्या तासभर आधी. उघडून बघतो तर त्या दोन ओळी गायब. विचारले तर दुकानदार म्हणाला, “उगाच वाद कशाला? शुभेच्छा आहेत ना मोठ्या अक्षरात.” पैसे मात्र पूर्ण घेतले, वर ‘अर्जंट’चे वेगळे. त्या दुकानाचे नाव सांगण्यात काही अर्थ नाही. कारण प्रश्न एका दुकानाचा नाहीच. ज्याच्या हातात यंत्र, त्याच्या हातात शेवटची कात्री.

बाबासाहेबांना हे शंभर वर्षांपूर्वी कळले होते. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाले तेव्हा ‘केसरी’ने त्याची पैसे देऊनही जाहिरात छापली नाही, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, हेही सांगतो. पण त्यापुढची गोष्ट सांगायला विसरतो. बाबासाहेब नुसते पत्र काढून थांबले नाहीत. त्यांनी छापखाना उभा केला. भारतभूषण प्रिंटिंग प्रेस, पुढे बुद्धभूषण. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांच्या भाषणातला मजकूर बदला म्हणून आग्रह धरला. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषदच रद्द झाली, आणि ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने पंधराशे प्रतींचे पुस्तक करून छापले. विचार करा, त्या वेळी छपाई मंडळाच्या हातात असती तर त्या भाषणातले आज आपल्यापर्यंत किती आले असते? आमच्या दोन ओळी कुठे आणि ते भाषण कुठे, ही तुलना होऊच शकत नाही हे आम्हालाही कळते. पण कात्री तीच.

पाटीचे म्हणाल तर मराठवाड्याच्या आंबेडकरी माणसाला पाटीची किंमत दुसऱ्या कुणी शिकवू नये. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. त्यावरून गावेच्या गावे पेटवली गेली. पोचीराम कांबळे गेले. १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. आणि १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या दारावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लागले, तेही नामांतर नाही, नामविस्तार म्हणून. एका पाटीसाठी सोळा वर्षे! ठराव झाला तेव्हा जालना हा वेगळा जिल्हासुद्धा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. अण्णा तेव्हा विशीतले पोरगे. रात्री चुन्यात नीळ कालवायची, डबा सायकलला अडकवायचा आणि भिंतीवर ‘नामांतर झालेच पाहिजे’ लिहून पहाटेच्या आत परतायचे. ते सांगतात, “पळता पळता लिहायचं म्हणून अक्षर तिरकं पडायचं. पोलीस अक्षरावरून ओळखतील म्हणून कधी डाव्या हातानं लिहायचो.” ज्या घरात अक्षराची अशी किंमत मोजली गेली, त्या घरातल्या पोराने दुसऱ्याच्या मशीनपुढे ‘साहेब, ओळ राहू द्या’ म्हणून हात जोडायचे?

असो. पैशांची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण ती सगळ्यांच्या घरची आहे. नवे दहा फुटी मशीन आमच्या आवाक्याबाहेर होते. बँकेत गेलो. स्टँड-अप इंडिया तेव्हा दहा लाखांच्या पुढे सुरू व्हायचे, आमची मागणी त्याच्या निम्मीही नव्हती. मुद्रासाठी साहेब म्हणाले, नव्या मशीनचे कोटेशन आणा, जुन्याला कर्ज बसत नाही. महामंडळाच्या बीजभांडवलाची फाईलही शेवटी बँकेच्याच टेबलावर येऊन बसते. म्हणजे गरिबाने नवेच घ्यावे आणि नवे परवडत नसेल तर काहीच घेऊ नये, असा हा हिशेब. शेवटी मदतीला आल्या आमच्या मायबहिणी. वस्तीतल्या बचतगटाने साठ हजार दिले, दिवाळीच्या आत परत करायच्या बोलीवर. बाकी भिशी, एक मोटारसायकल आणि एका घरातली पोत. लॉकडाऊनने औरंगाबादेतली (आताचे छत्रपती संभाजीनगर) काही फ्लेक्सची दुकाने बसली होती. त्यातल्या एकाचे मशीन वर्षभर बंद पडून होते. दोन लाख साठ हजारांत सौदा झाला. हे २०२१ साल.

आता त्या मशीनची अवस्था ऐका.

कोनिका ५१२ जातीचे चार हेड. प्रत्येक हेडला ५१२ छिद्रे, म्हणजे एकूण २,०४८. केसाहून बारीक. त्यांतून शाई थेंबाथेंबाने उडते आणि त्या थेंबांची मिळून पाटी होते. वर्षभर मशीन बंद म्हणजे त्या छिद्रांत शाई वाळून दगड झालेली. नळ्या कडक, फिल्टर काळेठिक्कर, पार्किंगच्या कपात डांबरासारखा थर. विकणारा म्हणाला, “सोल्युशन मारा, लगेच चालू होईल.” विकणारा असेच म्हणतो.

पहिली चूक आमची. फ्लशिंग सोल्युशन महाग म्हणून रंगाच्या दुकानातला थिनर आणला. सिरिंजने काळ्या हेडमध्ये भरला, रात्रभर ठेवला. सकाळी काळी शाई तर सुटली, पण हेडच्या आतला चिकटवलेला भागही सुटला. हेड गेले. नव्या हेडच्या किमतीत बरी सेकंडहँड मोटारसायकल येते. म्हणजे एक मोटारसायकल आधीच विकलेली आणि दुसरी आम्ही थिनरमध्ये बुडवली. त्या दिवशी कुणी कुणाशी बोलले नाही. बचतगटाच्या मावशी संध्याकाळी सहज म्हणून डोकावल्या, “झालं का सुरू?” म्हणाल्या. आम्ही मान हलवली. होय की नाही ते त्यांनी ठरवावे.

तिथून पुढे आम्ही शहाण्यासारखे वागलो. ज्या कंपनीची शाई वापरायची तिचेच सोल्युशन. दोन वेगळ्या शायांचे थेंब एकत्र आले की कधीकधी दह्यासारखे फाटते, म्हणून नळ्या आणि छोट्या टाक्या पूर्ण रिकाम्या करून धुतल्या. सिरिंज जोरात दाबायची नाही. पाच थेंब आत, तासभर थांबायचे, पुन्हा पाच थेंब. हे काम तिघांनी पाळ्या लावून आठ दिवस केले. मेणबत्तीच्या थेंबासारखा एकेक रंग सुटत गेला. आधी पिवळा, मग निळा. गुलाबी, ज्याला आमच्या धंद्यात मॅजेंटा म्हणतात, तो शेवटपर्यंत हट्टी राहिला. काळ्यासाठी दुरुस्त केलेले जुने हेड मिळाले.

मग मशीन सुरू केले तर कॅरेज सुसाट जाऊन टोकाच्या पत्र्यावर आदळली. धाडकन आवाज. आम्हाला वाटले मोटर गेली किंवा बोर्ड गेला. मेकॅनिक फोनवरच पंधरा हजारांचा खर्च सांगून मोकळा. आमच्या इलेक्ट्रिशियनने मात्र बॅटरी लावून इंच इंच बघितले. मशीनच्या आडव्या बीमवर एक पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर बारीक रेघा. कॅरेज कुठे पोचली हे मशीन त्या रेघा मोजून ओळखते. त्या पट्टीवर ग्रीसचे बोट उमटलेले! रेघा दिसेनात म्हणून मशीन आंधळे झालेले. ओल्या मऊ कापडाने पट्टी पुसली आणि पंधरा हजारांचा बिघाड फुकटात गेला. त्यातही ती पट्टी सोल्युशनने पुसली असती तर रेघाच निघून गेल्या असत्या. थिनरने एवढे तरी शिकवले होते.

अर्थिंगची तऱ्हा आणखी वेगळी. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला तर चौदा व्होल्ट. हे दोनच्या खाली पाहिजे, नाहीतर हेडचा बोर्ड केव्हाही जळतो. आमच्या वस्तीत वीज आली तेव्हापासून अर्थिंग कुणी धड केलेलेच नाही. गावाबाहेरच्या वस्तीला तार सगळ्यांत शेवटी येते आणि सगळ्यांत ढिली येते, हे काय सांगायचे? आम्ही दुकानामागे खड्डा खोदला. पाइप, कोळसा, मीठ घातले. मीटर दीडवर आला. पण त्या खड्ड्यात ओल राहायला हवी. जालन्यात, उन्हाळ्यात! नळाला आठवड्यातून एकदा पाणी आले तरी नशीब समजणाऱ्या गल्लीत आम्ही रोज एक कळशी जमिनीत ओततो, हे बघून शेजारच्या आजी आम्हाला वेड्यात काढायच्या. आता हातपाय धुतलेले पाणी तिकडे जाते. कोरड्या हवेत फ्लेक्सच्या कापडावर करंट साचतो, शाई इकडे-तिकडे ओढली जाते. त्यावर उपाय म्हणून ओले गोणपाट टांगतो. हा कंपनीच्या पुस्तकात नाही, पण चालतो.

एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. मशीनबरोबर छापणाऱ्या सॉफ्टवेअरची एक छोटी चावी येते, तिला डोंगल म्हणतात. आम्ही मशीन आणले, केबल आणल्या, उरलेली शाई आणली. डोंगल विचारलेच नाही. ते विकणाऱ्याकडे सापडेना. त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागले.

आणि मग निळा.

चार रंगांच्या मशीनमध्ये आपला निळा तयार मिळत नाही. तो बनवावा लागतो. सायनमध्ये मॅजेंटा मिसळून. मॅजेंटा कमी पडला तर आकाशी होतो, जास्त झाला तर जांभळा. स्क्रीनवर गडद निळा दिसतो आणि छापून येतो वांग्यासारखा. कितीतरी जयंत्यांचे फ्लेक्स तुम्ही जांभळे बघितले असतील. छापणाऱ्याला त्यात काही बिघडले असे वाटत नाही, कारण त्याच्या लेखी निळा म्हणजे निळा. आमचा हट्टी मॅजेंटा नेमका इथे नडला. त्याची वीसेक छिद्रे बंदच होती, त्यामुळे निळ्या पट्ट्यात आकाशी रेघा यायच्या. पिवळ्यात, लालात त्या एवढ्या दिसत नव्हत्या. निळ्यात लगेच दिसायच्या. आम्ही कापडाचे तुकडे छापून अण्णांपुढे ठेवायचो. ते चष्मा कपाळावर सरकवून उन्हात धरायचे आणि म्हणायचे, “नाही.” दुसऱ्या दिवशी पुन्हा, “नाही.” मॅजेंटाचे आकडे पाच-पाच टक्क्यांनी हलवले. हेड पुन्हा धुतले. कापडाची सरक मोजपट्टीने मोजून दुरुस्त केली. एकोणिसाव्या का विसाव्या तुकड्याला अण्णा काही बोलले नाहीत. तो तुकडा घडी करून खिशात घातला आणि घरी गेले. तो आजही त्यांच्या कपाटात आहे.

पहिली मोठी ऑर्डर आली ती मात्र फ्लेक्सची नाही, नावांची. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत म्हणून. ग्रामपंचायती हळूहळू ठराव घेऊ लागल्या, आणि आम्ही पत्र्यावर व्हिनाईल चिकटवून पाट्या करू लागलो. एका गावात पाटी लावायला गेलो तेव्हा चार टाळकी पारावर बसून होती. त्यातला एक म्हणाला, “पाटी बदलून काय होतंय?” आमचा वेल्डर शिडीवरूनच म्हणाला, “काही होत नाही, तर मग बघू द्या ना बदलून.” पाटी लागली. त्याच रस्त्याने जाणाऱ्या रिक्षावाल्याने प्रवाशाला आवाज दिला तो जुन्याच नावाने. हे खोटे सांगण्यात अर्थ नाही. पण वस्तीतली दोन शाळकरी पोरे पाटीखाली उभी राहून ते नाव मोठ्याने वाचत होती, हेही खरे. वहीवर पत्ता लिहिताना ती आता काय लिहितील, हा प्रश्न पारावरच्यांना पडत नाही. त्यांना तो कधी पडलाच नव्हता.

आता स्वतःच्या धंद्याची उलटतपासणी केली नाही तर आम्ही कसले आंबेडकरी? फ्लेक्स म्हणजे प्लास्टिकच. तो कुजत नाही. सॉल्व्हंट शाईचा वास डोक्यात जातो आणि जगभर हा वास घेत मशीनपुढे उभा कोण राहतो, तर पगारी पोरगा. मालक काचेच्या केबिनमध्ये. अकरा वर्षे तो पोरगा आमच्यातलाच होता, म्हणून दुकानात आधी एक्झॉस्ट फॅन बसला आणि खुर्च्या नंतर आल्या. दुसरे, बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला सविस्तर निकाल दिला आहे, विद्रूपीकरण रोखण्याचा कायदा तर १९९५ पासून आहे. तरी चौक बघा. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी होर्डिंग कोसळून सतरा माणसे गेली. आणि त्या चौकातल्या फ्लेक्सवर आपलेही कार्यकर्ते असतात हो! बाबासाहेब वर कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढे आणि खाली भाऊंचा चेहरा टेबलाएवढा, गॉगलसकट. आम्ही असल्या ऑर्डरी घेतो का? घेतो. बचतगटाचा हप्ता भाऊंच्या वाढदिवसातूनही फिटला आहे, हे लपवणार नाही. पण परवानगीचा कागद मागतो. आणि जयंतीच्या फ्लेक्सवर बाबासाहेबांपेक्षा कुणाचा फोटो मोठा छापत नाही. यावरून दोन मंडळे तुटली. एक परत आले.

साठ हजार दिवाळीच्या आठ दिवस आधी परत केले. मावशींनी मोजून घेतले, व्याज वेगळे मोजले, आणि गटाच्या नावाची एक पाटी फुकट करून घेतली. व्यवहार असा करावा!

अण्णांच्या प्रश्नाकडे परत येतो. उतरलेले घेतले का? आम्ही त्यावर पुष्कळ वाद घातला. आमचे म्हणणे असे की उष्टे तेव्हा उष्टे असते, जेव्हा ते दुसऱ्याच्या मर्जीने मिळते आणि आत काय आहे ते विचारायची सोय नसते. हे मशीन आम्ही भाव करून घेतले, पावती घेतली, त्याचा प्रत्येक स्क्रू उघडला. आज त्याच्यातली नळी न् नळी आम्हाला पाठ आहे. नवे मशीन घेणाऱ्या मालकाला रेघ आली की मेकॅनिकची वाट बघावी लागते. आम्ही फोन कुणाला करायचा? आता जिल्ह्यातले दोन-तीन दुकानदार आम्हालाच करतात. अण्णांना हे पूर्ण पटलेले नाही. ते म्हणतात, “शिकलात ते खरं. पण पुढच्या पोरांना नवं घेता आलं पाहिजे. जुनं घेऊन शहाणं व्हायची पाळी प्रत्येक पिढीवर कशाला?” याला आमच्याकडे उत्तर नाही. बँकेकडे असेल.

मागच्या महिन्यात मंठा तालुक्यातून दोन पोरे आली. जुने मशीन बघायला निघाली होती. आम्ही त्यांना चहा पाजला आणि सांगितले, जाताना पांढरा रुमाल, मीटर आणि बॅटरी बरोबर न्या. रुमाल पट्टीच्या बाजूला फिरवा, ग्रीस किती ते कळेल. मशीन चालू करून दाखवायला लावा आणि चारी रंगांच्या बारीक रेघांचा नमुना समोर छापून घ्या, नंतरचा नाही. निळा पट्टा मागा, निळ्यात मशीन खोटे बोलू शकत नाही. डोंगल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि थिनरची बाटली दुकानात ठेवूच नका. त्यांनी सगळे वहीत उतरवून घेतले. निघताना एकाने विचारले, “अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ साधं चालतं का खडा?” खडा, आम्ही म्हणालो, आणि त्यांना खड्डा दाखवायला मागे घेऊन गेलो.

जयभीम.